घंटी वाजलीच नाही

६ जानेवारी, सोमवार

आज गावंडे सरांनी फळ्यावर विमानतळ काढला. एक लांब पट्टी, एक मनोरा, बाजूला दोन चौकोन. म्हणाले, "समजा, हा आपला. याचे सगळे कॉम्प्युटर तुम्हाले उभे करायचे आहेत. अट एकच. बंद पडले, बिघडले, तरी कोणी मरू नये." वर्ग हसला. यवतमाळात बसून विमानतळ! पण सर हसले नाहीत, तेव्हा आम्हीही थांबलो.

आमच्या बॅचचे चार गट झाले. सामानाचा, विमानांच्या वेळा दाखवणाऱ्या बोर्डाचा, विजेचा आणि आमचा वाऱ्याचा. वारा फार असेल तर लाल दिवा, विमान उतरायचं नाही. बेताचा असेल तर हिरवा. गटात मी, माझी रूममेट समीक्षा आणि सोनू आडे. सोनूला मी मागितलं नव्हतं. चार वर्षांत हा मुलगा वर्गात चार वाक्यं बोलला असेल. गटप्रमुख कोण, हे कोणी विचारलंच नाही. मीच.

खरी बातमी पुढे आहे. ५ फेब्रुवारीला नागपूरहून एक मॅडम आमचं काम बघायला येणार. त्यांची कंपनी विमानतळांचे कॉम्प्युटर सांभाळते. चारही गटांतून एकाला, फक्त एकाला, त्या सहा महिने शिकायला नेणार. मला ती जागा हवी आहे. इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे "मला काही एवढं वाटत नव्हतं" असं म्हणायची सोय राहणार नाही.

८ जानेवारी, बुधवार

सरांनी पद्धत समजावली. वाऱ्यासाठी एकच कॉम्प्युटर ठेवायचा नाही, तळहाताएवढे तीन ठेवायचे. तिघांनी आपापलं ठरवायचं, लाल की हिरवा. दोघांचं जे मत असेल तो मोठा दिवा लागेल. आणि तिघांतला एक जरी वेगळा निघाला तरी घंटी वाजेल, म्हणजे मनोऱ्यातला माणूस उठून स्वतः बघेल. तिन्हींचे प्रोग्रॅम तिघांनी वेगवेगळे लिहायचे. एकमेकांचं बघायचं नाही, त्यावर बोलायचंसुद्धा नाही. "चूक करायची तं आपापली करा," सर म्हणाले.

मागच्या बाकावरून कोणीतरी बोललं, "मंग सलोनीचं काय काम?" वर्गात हशा. खोटं नाही ते. दर सबमिशनला माझी फाईल वर्गभर फिरते, सगळे त्यावरूनच उतरवतात. मागच्या वर्षी एका आकृतीत मी डायोड उलटा काढला, तर बेचाळीस फायलींत तो उलटाच निघाला, आणि बेचाळीसही फायलींवर सह्या झाल्या. आठवलं की अजून हसू येतं.

संध्याकाळी समीक्षा म्हणाली, "तुहा प्रोग्रॅम पाठव ना. नुसता पाहते." पाठवला. नुसतं पाहायला काय जातं?

११ जानेवारी, शनिवार, दिग्रस

दोन दिवस घरी. बाबांना डबा द्यायला जिनिंगवर गेले. बाबा तिथे गेटवर कापसाच्या गाड्या तपासतात. ओलावा मोजायचं मशीन आहे, पण बाबा आधी कोपरापर्यंत हात गाडीत घालतात आणि मग मशीनला विचारतात.

गेटवरच एका हमालाने अडवलं. "काय ताई, विमान कधी सुरू होऊन राह्यलं?" मी बाबांकडे पाहिलं तर ते भलतीकडे बघत होते. म्हणजे यांनी सगळ्या बाजारात सांगून ठेवलंय की भगवानरावची पोरगी विमानतळ बांधते आहे. मी म्हटलं, "बाबा, तो कागदावरचा आहे." तर म्हणाले, "सगळं आधी कागदावरच राह्यते, बाई."

मग एक गाडी आली. बाबांनी हात घातला, मशीन लावलं, परत हात घातला. म्हणाले, "मले समजून नाही राह्यलं. गाडी बाजूले लावा." गाडीवाला भडकला. मागे रांग, तेही ओरडायला लागले. "पास करा नाही तं फेल करा, बाजूले कायले?" बाबा शांत. गाडी बाजूला लागली. इतका राग आला मला! पंचवीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाने चारचौघांत "समजत नाही" म्हणावं? काहीतरी सांगून मोकळं व्हायचं. मी असते तर सांगितलं असतं.

१५ जानेवारी, बुधवार

सोनूचा काका कॉलेजच्या गेटवर आला होता, संजय नाव. तांड्यावरून तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन. मला आणि समीक्षालाही ओंजळ ओंजळ दिल्या. "सोनूसंग तुम्हीच हाव का? शेंगा खा. कवळ्या हायेत." माणूस गोड आहे. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. मळणीयंत्रात गेली असतील, आमच्याकडे दर हंगामाला एखाद्याची जातातच. विचारलं नाही.

माझा प्रोग्रॅम तयार. समीक्षाचाही तयार, म्हणजे माझाच, नावं बदलून. सोनू म्हणतो अजून दोन दिवस. याला काय एवढं लिहायचंय देव जाणे.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज पहिल्यांदा तिन्ही एकत्र लावले. टेबलफॅनसमोर प्लॅस्टिकच्या चार वाट्यांचं फिरतं चाक, हा आमचा सेन्सर. त्याची वायर तिन्ही कॉम्प्युटरकडे. फॅन हळू, तिन्ही हिरवे. फॅन जोरात, तिन्ही लाल. मी टाळी वाजवली आणि तेवढ्यात घंटी.

सोनूच्या कॉम्प्युटरवर पिवळा दिवा. पिवळा कुठून आला? आपल्याकडे पिवळा नाहीच!

"वायर ढिली हाये," सोनू म्हणाला. "मधातच तुटून राह्यली."

"मग? माझा तर हिरवा दाखवतोय."

"तुहा वारा शून्य समजते. वारा नसला तं सेन्सर शून्य पाठवते, दर सेकंदाले. वायर तुटली तं काहीच येत नाही. काहीच नाही म्हणजे शून्य नाही ना."

"मग तुझा काय समजतो?"

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर लिहिलं होतं: माहीत नाही.

मला हसू आवरेना. म्हटलं, "हा कॉम्प्युटर आहे का दहावीतला पोट्टा?" समीक्षाही हसली. सोनू हसला नाही, वायर दाबून बसवत राहिला. तासाभरात घंटी अकरा वेळा वाजली, अकराही वेळा त्याच्यामुळे. बाजूच्या गटाने कानात बोटं घातली. आमचे दोन मात्र एकदाही वेगळे बोलले नाहीत.

२० जानेवारी, सोमवार

भांडण झालं. म्हणजे मी भांडले.

मी म्हटलं, मॅडम समोर बसल्या असताना घंटी ठणाणा करणार आणि आपला कॉम्प्युटर छाती ठोकून "माहीत नाही" सांगणार, कसं दिसेल ते? सोनू म्हणाला, "घंटी वाजाले तं लावली ना." मी म्हटलं, दोन कॉम्प्युटर एक सांगतात, तुझाच वेगळा, म्हणजे चूक कोणाची? तर खाली बघून म्हणाला, "समीक्षाचा तं तुहाच हाये."

त्याचा इथे काय संबंध? बरोबर उत्तर दोघांचं सारखंच येणार ना!

मी अर्धा तास बोलले. वायर पक्की बसवू, सोल्डर करू, मग तुटणारच नाही, मग तुझ्या त्या चार ओळींचं काय काम? तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुले जे वाटते ते कर."

म्हणजे हो.

२२ जानेवारी, बुधवार

त्याच्या प्रोग्रॅममधून त्या ओळी काढल्या. मीच काढल्या, तो शेजारी बसला होता. त्याआधी त्याने जुना प्रोग्रॅम दुसऱ्या नावाने ठेवून दिला. मी म्हटलं, "कशाला जपतोस?" म्हणाला, "राहू दे." रड्या कुठला.

मग आख्खा तास फॅन चालवला. घंटी एकदाही नाही. किती बरं वाटलं सांगू!

२९ जानेवारी, बुधवार

आज चाळीस वेळा रंगीत तालीम. चाळीसही वेळा तिन्ही दिवे सारखे. समीक्षा शेंगदाणे खात म्हणाली, "मंग तीन कायले पायजेत? एकच ठेव ना बाप्पा." तिला म्हटलं, मॅडमसमोर तोंड उघडू नकोस.

जेवण जात नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की बसावंसं. बाबांचा फोन आला. जिनिंगच्या मालकाने विचारलं म्हणे, पोरीचं नागपूरचं पक्कं झालं का? बाबांनी सांगून टाकलं, झाल्यातच जमा. मी ओरडलेच त्यांच्यावर. मग दिवसभर वाईट वाटत राहिलं. ओरडले म्हणून नाही, खरं ठरलं नाही तर ते त्या गेटवर कसे उभे राहतील म्हणून.

५ फेब्रुवारी, बुधवार

घाईत लिहितेय, अक्षर लागलं तर लागलं.

मॅडम आल्या. सामानाच्या गटाचं अडकलं, बोर्डाच्या गटाचं बंद पडून परत सुरू झालं. मग आमचं. फॅन हळू, हिरवा. फॅन जोरात, लाल. मी समजावत होते आणि मला कळत होतं की मी छान बोलतेय.

गावंडे सर उठले. खिशातून छोटी कात्री काढली, फॅन पूर्ण जोरात ठेवला आणि सेन्सरची वायर कापली.

फॅन घोंघावत होता, टेबलावरचे कागद उडत होते. आणि आमचा पहिला दिवा हिरवा झाला. दुसरा हिरवा. तिसरा हिरवा. मोठा दिवा हिरवा. घंटी वाजली नाही. सर थांबून राहिले. कितीतरी वेळ सगळे त्या घंटीकडे बघत होते आणि ती वाजली नाही.

"उतरवलं विमान," सर म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यानेच जास्त लागलं.

मॅडमनी विचारलं, "तिघांनी प्रोग्रॅम वेगवेगळे लिहिलेत ना?"

मी म्हटलं, "हो मॅडम."

कसं आलं तोंडातून, कळलं नाही. पण एकदा आल्यावर मी थांबले नाही. म्हटलं, तिघांनी स्वतंत्र विचार करूनही एकाच्याही लक्षात आलं नाही, म्हणजे ही चूक किती आत दडून बसणारी आहे बघा. आणखी बरंच बोलले. मॅडम लिहून घेत होत्या. समीक्षाने माझ्याकडे बघितलं आणि चटकन मान वळवली. सोनू तुटलेली वायर बोटाला गुंडाळत होता. त्याने एक शब्द बोलायला हवा होता, एकच. नाही बोलला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सूचनाफलकावर माझं नाव लागलं.

सरांनी सांगितलं, मॅडम म्हणाल्या, बिघाड सगळ्यांचेच झाले, पण बिघाड का झाला ते एवढं नीट सांगणारी ही एकच मुलगी. समीक्षाने मिठी मारली आणि लगेच वर्गात निघून गेली. बाबांना फोन केला. मागून हमालांचा गलका ऐकू आला, कोणीतरी ओरडलं, "उडालं का विमान?"

मी आनंदात आहे. आहेच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लॅब रिकामी होती. उगाच गेले. सोनूच्या कॉम्प्युटरवर तो जुना प्रोग्रॅम तसाच होता. कापलेली वायर जोडली, तो प्रोग्रॅम लावला, फॅन सुरू केला आणि वायर काढली. माझा हिरवा, समीक्षाचा हिरवा, त्याचा पिवळा. आणि घंटी. एवढ्या मोठ्याने की शिपाई धावत आला. "काय झालं ताई?" मी म्हटलं, काही नाही.

तो गेल्यावर परत वायर काढली. परत वाजली. पाच-सहा वेळा तेच करत बसले.

८ फेब्रुवारी, शनिवार

सोनूला कँटीनबाहेर गाठलं. म्हटलं, तू त्या दिवशी बोलला का नाहीस? उलट मीच त्याच्यावर चिडले होते, हेही लिहायला हवं.

तो म्हणाला, "तू मले इचारलं का कधी?"

"काय विचारायचं?"

"ते 'माहीत नाही' म्या काहून लिहिलं म्हणून."

मग त्याने सांगितलं. त्यांच्या शेतातल्या मोटरीच्या पेटीवर एक लाल दिवा आहे. दिवा लागला म्हणजे लाईन आली. एक दिवस संजयकाकाने पाहिलं, दिवा बंद. म्हणजे लाईन नाही. त्याने पेटी उघडून हात घातला. लाईन होती. दिव्याचा बल्ब गेला होता. दोन बोटांवर निभावलं.

"सगळे म्हणत, दिवा बंद होता ना. बंद होता, पण कायले बंद होता हे कोणाले माहीत होतं?" सोनू म्हणाला. "तवापासून मले शून्यावर भरोसा नाही."

चार वर्षांत त्याने एका दमात एवढं बोलल्याचं मला आठवत नाही. मी तुरीच्या शेंगा खाल्ल्या त्या माणसाच्या हातून, ती बोटं पाहिली, आणि मनातल्या मनात मळणीयंत्र लावून मोकळी झाले. लाज वाटते आहे. दुसरा शब्द नाही.

मी विचारलं, "तुलाही ती जागा हवी होती?"

"कोणाले नको?" म्हणाला आणि हात धुवायला गेला.

९ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर खोलीत इकडून तिकडे. समीक्षा म्हणते, "झालं ते झालं. कोणाले माहीत पडते?" तिचं बरोबर आहे. कोणालाच कळणार नाही. सोनू सांगणार नाही, समीक्षा सांगणार नाही. तिघांचं एकमत.

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. ते बेचाळीस उलटे डायोड आठवले. या वेळी हसू आलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

सरांच्या केबिनमध्ये गेले. दारातून दोनदा परत फिरले होते. सगळं सांगितलं, समीक्षाला पाठवलेला प्रोग्रॅम, सोनूच्या काढलेल्या ओळी, मॅडमना मारलेली थाप. मग मला घेऊन लॅबमध्ये आले, सोनूचा जुना प्रोग्रॅम लावायला सांगितला आणि स्वतः वायर काढली. घंटी वाजली. सरांनी ती बराच वेळ वाजू दिली.

"मी नागपूरले फोन करतो," म्हणाले. "तुही जागा जाईल. समजते ना?"

"समजतं सर."

"मंग आता काहून सांगून राह्यली?"

मी खरंच विचार केला. सोनूची दया आली म्हणून? बाबांना तोंड दाखवता यावं म्हणून? की नागपूरला जाऊन पुढच्या वेळी खरं विमान असेल, या भीतीने? सर वाट बघत होते. चांगलं उत्तर देणं मला जमतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"माहीत नाही, सर," मी म्हटलं.

सरांनी मान हलवली आणि घंटी बंद केली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

फलकावरचा कागद बदलला. सोनू आडे. समीक्षाला आणि मला आपापले प्रोग्रॅम नव्याने, वेगवेगळ्या खोलीत बसून लिहायचे आहेत, आणि गुण कापले ते वेगळेच. सोनू येऊन फक्त म्हणाला, "सोमवारी जातो." आभार मानले नाहीत, ते बरं केलं. मानले असते तर मी रडले असते. नंतर रडलेच, पण ते खोलीत.

बाबांना फोन करायला चार वाजवले. आधी म्हटलं, बाबा, बसलात का? मग पहिल्यापासून सांगितलं. कात्रीपर्यंत आले तेव्हा त्यांनी "हं" म्हटलं, बाकी काही नाही. मागे मशीनची घरघर चालू होती.

"म्हणजे त्या पोराले गाडी बाजूले लावाची होती," शेवटी बाबा म्हणाले, "आन् तू पास करून टाकली."

"हो."

त्यांनी मधेच कोणत्यातरी गाडीवाल्याला थांबायला सांगितलं.

"बाबा, आता लोकांना काय सांगाल?"

"सांगन, मले माहीत नाही," बाबा म्हणाले. "म्या तं रोजच सांगतो. लोकं शिव्या देतात, मंग आपापल्या घरी जातात." मग म्हणाले, "तू जेवली का?"

मी जेवले नव्हते. तसंच सांगितलं.